तेवीस दिवसांचा ग्रह

९ मार्च

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल. दादाचा गुडघा काय म्हणतो? जिना चढू नकोस म्हटलं की तो मुद्दाम चढतो, म्हणून मी त्याला काही सांगत नाही. इकडे मी ठीक. घराचं रंगकाम काढलंय, त्यामुळे पुस्तकं पलंगावर आणि मी खुर्चीत.

एकोणीस वर्षांत तुला स्वतंत्र पत्र असं लिहिलंच नाही. दादाच्या पत्राखाली 'वहिनीस नमस्कार' एवढंच. आज का लिहितेय, तेही धड कळत नाहीये. दोन कागद फाडून झाले.

जूनमध्ये मी निवृत्त होतेय. संस्था माझ्या संशोधनाची यादी छापणार आहे. तारे, ग्रह, दीर्घिका सगळं मिळून एकशे अठरा लेख. ऑफिसातले क्लार्क यादी टाइप करून घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, ग्रहाचा लेख सगळ्यात वर घेऊ ना? लोक तुम्हाला त्याच्यामुळेच ओळखतात." मी हो म्हटलं.

त्याच दुपारी दुसऱ्या एका वेधशाळेतल्या तरुण संशोधकाचं पत्र आलं. फार अदबीने लिहिलंय बिचाऱ्याने. आमचा तो ग्रह ज्याच्याभोवती फिरतो म्हणतात, त्या ताऱ्याचे त्याने नव्याने वेध घेतलेत, आणि ग्रह तिथे नाही. ग्रहाच्या ओढीने तारा डोलतो असं आम्हाला वाटलं, ते त्याच्या अंगावरच्या डागांमुळे. तारा स्वतःभोवती तेवीस दिवसांत फिरतो, डागही त्याच्याबरोबर फिरतात, आणि आम्ही म्हणालो, तेवीस दिवसांत फेरी मारणारा ग्रह सापडला.

मी जुन्या वह्या काढल्या. एकोणीस वर्षांपूर्वी, तू शिकवायचीस त्या शाळेला सुट्टी म्हणून उन्हाळ्यात आमची आकडेमोड करायला यायचीस, ती वही मिळाली. समासात तुझ्या अक्षरात लिहिलंय: 'उजेडही तेवीस दिवसांनीच कमीजास्त होतोय. ग्रह की डाग?' आणि त्याच्यापुढे माझ्या हिरव्या शाईची बरोबरची खूण. म्हणजे मी ते वाचलं होतं. पण वाचलं म्हणजे कळलं होतं का? दोन दिवस मी स्वतःला हेच विचारत बसले.

कँटीनमधलं मात्र लख्ख आठवतं. संचालकांसमोर तू पुन्हा तोच प्रश्न काढलास आणि मी म्हणाले, "वहिनी, हे शाळेचे पेपर तपासणं नाही." सगळे हसले. तू ताट बाजूला सारलंस, वर येऊन त्या दिवसाचे रकाने पुरे केलेस आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाहीस. लेखात मी 'आकडेमोडीत साहाय्य करणाऱ्यांचे आभार' असं लिहून मोकळी झाले.

माझी पहिली विद्यार्थिनी तुला माहीत नसेल. तिने त्या ग्रहाच्या वातावरणावर सहा वर्षं घालवली. नसलेल्या ग्रहाची हवा मोजली पोरीने. आता ती स्वतः शिकवते. परवा तिला फोन केला. ती म्हणाली, "बाई, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"कालपासून," मी म्हणाले.

खोटं बोलले, वहिनी. त्या उन्हाळ्यात तुझी ती ओळ वाचली त्याच संध्याकाळी मी उजेडाचे आकडे स्वतः मांडून पाहिले होते. तुझं म्हणणं खरं दिसत होतं. अगदी पक्कं नव्हतं, पण लेख थांबवावा इतकं नक्कीच होतं. मी तो कागद फाडला. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तुला तसं बोलले, ते कशाला, हे तुला आता वेगळं सांगायला नको.

आज सकाळी विद्यार्थिनीला पुन्हा फोन करून खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. रागाने की नुसताच, ते कळलं नाही. मला रडू आलं नाही. हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली. हे असं कसं एकाच वेळी होतं, कुणास ठाऊक.

लेख मागे घेत असल्याचं नियतकालिकाला कळवलंय. संपादकांनी विचारलं, शंका आधी कुणी घेतली होती का? मी तुझं नाव लिहिलं, पूर्ण, आणि मी काय केलं तेही लिहिलं. तुझं नाव छापायचं तर तुझी लेखी परवानगी हवी म्हणतात. तो कागद सोबत जोडलाय. नाव छापून यावं असं तुला वाटेल, की या सगळ्यात मला ओढू नकोस म्हणशील, मला खरंच सांगता येत नाही. पूर्वी तुझ्या मनातलं मला लगेच कळायचं.

सही केली नाहीस तरी चालेल. पण एकदा रागाव. दादाकरवी नको, मला समोर बसवून. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझं ऐकायला एकोणीस वर्षं लावलेली,
तुझी नणंद