नांदेडला राहिलेलं स्वप्न

पाचोड, दि. ४ मार्च २०२४

चि. श्रीरंगास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मोबाइलवर तुझा तो लिहायचा-वाचायचा कट्टा चार दिवस उघडत नाही. मोबाइल बिघडला असेल म्हणून दुकानात दाखवला, तर दुकानदार म्हणाला की मोबाइल चांगला आहे, तुमच्या भाच्याला विचारा. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि निम्मं मी मनानं भरते, म्हणून पत्र.

इथं टँकर एक दिवसाआड येतो. मोसंबीच्या बागा राखाडी झाल्यात. अशात सकाळी उठून कट्ट्यावरचं ‘पहाटेचं’ हे स्वप्नांचं पान उघडायचं आणि कुणाला काय स्वप्न पडलं ते वाचायचं, हा माझा दुसरा चहा झाला होता. शहागंजातल्या त्या कापडवाल्यांचं वाचलंस ना? ठाण उलगडलं तर आतून नदी निघाली, आणि ते बिचारे ती मीटरनं मोजत राहिले. दिवसभर मला तेच दिसत होतं.

पण खरं सांगते, मी तिथं तुझ्या काकांसाठी येते. शेवटच्या वर्षात त्यांनी सत्तावीस स्वप्नं लिहिली. घरात चार शब्द न बोलणारा माणूस तिथं लिहायचा की, मोसंबीची झाडं मुळं हातात धरून पैठणच्या रस्त्यानं धरणाकडे निघाली आणि जाताना प्रत्येक झाडानं आपल्या दारात पाय पुसले. त्यांना जाऊन पाच महिने झाले. रोज एक वाचते. सत्तावीस झाली की पुन्हा पहिल्यापासून. ती आहेत ना, तेवढं कळव.

तुझी,
अंबिकामावशी

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर, दि. ९ मार्च २०२४

ती. अंबिकामावशीस सा. न. वि. वि.

रागावशील, तरी लिहितो. आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि वेळेचा नेम नाही. म्हणून सगळी गल्ली तोट्या उघड्याच ठेवते, आवाज आला की धावायचं. मी तोटी उघडी ठेवली आणि बाहेर गेलो. समोर नव्या इमारतीचा पाया खणताहेत, तो बघत उभा राहिलो. तेवढ्यात पाणी आलं, पिंप भरलं आणि वाहिलं. कट्टा ज्यावर चालतो तो कॉम्प्युटर गार राहावा म्हणून मी फरशीवरच ठेवला होता. जपून ठेवलेली नक्कल त्याच्या शेजारीच होती. दोन्ही भिजली. लोक पाण्याची स्वप्नं लिहायचे आणि मी ती पाण्यात घातली. मला फार वाईट वाटतंय, मावशी.

पण सगळं गेलं नसावं. कट्टा माझ्या घरात असला तरी तो एकटा नाही. नांदेडला मृण्मयी नावाची एक मुलगी तिच्या घरून असाच कट्टा चालवते. इथं कुणी लिहिलं की तिच्या वाचकांसाठी एक प्रत तिकडे जाते, तिच्याकडची इकडे येते. दिवाळीत तू फराळाची ताटं घरोघर पाठवायचीस, तसंच. आपला डबा संपला तरी शेजारी चार करंज्या असतात. तिला विचारलंय. सगळी मिळतील असं मात्र म्हणवत नाही.

तुझ्या रागालाही पात्र असलेला,
श्रीरंग

पाचोड, दि. १४ मार्च २०२४

चि. श्रीरंगास आशीर्वाद. वि. वि.

माझ्या करंज्या कुणी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवल्याचं मला आठवत नाही, तेव्हा तुझ्या उदाहरणानं धीर आला नाही. तुझ्यावर रागावले नाही. पाणी आलं ते चांगलंच झालं, असं म्हणायची सवय लागली आहे इथं सगळ्यांना.

मात्र पहाटे जाग आली की हात मोबाइलकडे जातो. त्यांचा आवाज मला आता नीट आठवत नाही, लिहिलेलं तेवढं होतं. तेही गेलं तर ते दुसऱ्यांदा गेले असं होईल. त्या मुलीला माझा नमस्कार सांग आणि घाई कर.

वाट बघणारी,
मावशी

औरंगपुरा, दि. २ एप्रिल २०२४

ती. मावशीस सा. न. वि. वि.

मिळाली. सत्तावीसच्या सत्तावीस. कट्टा दुसऱ्या कॉम्प्युटरवर मांडला आहे, या वेळी माळ्यावर. हे पत्र पोचेपर्यंत तुला वाचता येतील.

पण नांदेडहून अठ्ठावीस आली. एक काकांनी श्रावणात लिहिलं होतं आणि तासाभरात स्वतःच पुसलं होतं. आपल्या कट्ट्यावरून ते तेव्हाच गेलं. मात्र पुसल्याचा निरोप नांदेडला निघाला तेव्हा मृण्मयीकडची वीज गेली होती, ती चार दिवस आली नाही. निरोप दारावरून परत फिरला आणि स्वप्न तिच्याकडे राहिलं.

पहिल्या ओळीत तुझं नाव दिसलं, तिथंच थांबलो. कट्ट्यावर ते मांडलेलं नाही. माझ्या नजरेला पडू नये म्हणून मृण्मयीलाच छापायला सांगितलं, तिनं पाकीट चिकटवून पाठवलं, तेच सोबत आहे. काकांनी पुसलेलं वाचायचं की नाही, ते मी कोण ठरवणार? तू सांगशील तसं करू.

तुझा,
श्रीरंग

पाचोड, गुढीपाडवा, दि. ९ एप्रिल २०२४

चि. श्रीरंगास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकीट तीन दिवस डाळीच्या डब्यावर ठेवलं. येता-जाता बघायची. पुसलं म्हणजे कुणी वाचू नये, असंच ना? मग वाटलं, त्यांनी ते चारचौघांपासून पुसलं. मी त्या चारचौघांत येते का? चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न पडावा, याचं हसूही आलं आणि रडूही. शेवटी आज सकाळी उघडलं.

स्वप्नात काही घडतच नाही. मी अंगणात खाटेवर बसले आहे. मांडीवर सूप नाही, हातात घागर नाही, कुठं उठायची घाई नाही. ते पायरीवर उभे राहून बघताहेत. खाली लिहिलंय की, हिला अशी बसलेली मी जागेपणी कधी पाहिली नाही, चूक माझी आहे. बस, एवढंच. लिहिलं आणि लाजले असतील.

मृण्मयीला सांग, तिकडचंही पुसून टाक. त्यांची तशी इच्छा होती. कागद माझ्याजवळ राहील, तो माझाच आहे.

दुपारी टँकर आला. शेजारची सत्यभामा हाक मारायला आली, तर तिला म्हटलं, माझ्या घागरी आज तू भर. आणि अंगणात खाट टाकून बसले. बरं वाटत नाही का, म्हणून तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, बरी आहे, एक काम राहिलं होतं ते करतेय.

असाच जीव लावत जा.

तुझी,
अंबिकामावशी