माझ्या आवाजाशिवायची फीत

ड्रमवर तारेचा ब्रश फिरताना पीठ चाळल्यासारखा येणारा आवाज सव्वीस वर्षांनंतरही मला जसाच्या तसा ऐकू येतो. यावरून माझी स्मृती शाबूत आहे असे समजावे. मी, निवृत्त भाषाशिक्षक, वय एकाहत्तर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलीला. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तोही तिचाच.

२. बेस गिटार आमच्या बँडच्या गिटारवाल्याला. त्याने नेलेली छत्री मी विसरलेलो नाही, तरीही.

३. बँड चौघांचा होता, चौदा महिने टिकला. गाणारं कुणी नाही. नुसती वाद्यं, हळूहळू चढत जाणारी. पोस्ट-रॉक म्हणतात त्याला. ड्रमवर आमच्याच शाळेतल्या चित्रकलेच्या बाई होत्या. आमच्या एकुलत्या एक कॅसेटमधली सात मिनिटं फक्त त्यांच्या ब्रशची होती. ध्वनिमुद्रणाची शेवटची जुळणी माझ्याकडे होती. मला ती सात मिनिटं ओकीबोकी वाटली. कोरा फळा दिसला की माझा हात शिवशिवायचा, तसंच झालं. कुणालाही न विचारता मी त्यांवर माझी कविता वाचली. तीनशे प्रती निघाल्या.

ऐकून बाई एवढंच म्हणाल्या, "मास्तर, गप्प बसायचं काय घ्याल?" त्या पुन्हा आल्या नाहीत. महिनाभरात बँड मोडला.

मूळ फीत पुसली गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. ती ऐकली असती तर माझी कविता किती उपरी होती, हे सगळ्यांना कळलं असतं. फीत ट्रंकेत, माझ्या वह्यांखाली आहे. माझ्या पश्चात ती बाईंना द्यावी.

४. कवितांच्या वह्या रद्दीत घालाव्यात. मुलीने एखादी लपवून ठेवल्यास हरकत नाही. शोकसभेत कविता नको. राहवलंच नाही तर बाहेर जाऊन म्हणावी.

स्थळ: पुढची खोली. दिनांक: अकरा मार्च, सकाळ.

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी. सही करण्याआधी कलम तीन वाचून म्हणाला, "मेल्यावर देणार? मग त्यांनी शिव्या कुठल्या पत्त्यावर पाठवायच्या?" माझी पत्त्यांची डायरी घेऊन बाहेर गेला, तासाभराने परतला, सही केली.

साक्षीदार दुसरा: नळवाला. यायचा आहे.

ताजा कलम: दार वाजलं, नळवाला समजून मी पेन पुढे केलं. दारात बाई. केस पांढरे, चप्पल अजून पायात.

"ज्याला मिळायचंय त्याची सही चालत नाही, मास्तर," शिंपी कानाशी पुटपुटला.

कलम तीनमधले 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडले आहेत. आता आधी खोटं कबूल करतो, मग फीत लावतो. त्यानंतर गप्प. सात मिनिटं तरी.