एका गुणसूत्रावरचे दोन ठिपके

प्रिय छकुली,

हे नाव तुझ्या हाताखालच्या मंडळींना कळलं तर तुझा दरारा राहायचा नाही, पण मी दुसऱ्या नावाने हाक मारणार नाही.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, तरी पेपरातला तुझा फोटो दाखवायला वरच्या मजल्यावर जाऊन आली. जिन्यात भेटेल त्याला सांगते, "धाकटीने समुद्रात आपले नातेवाईक शोधले." मग माझ्याकडे वळून विचारते, "तुझा तो मासा अजून तसाच आहे का गं?" मासा नाही तो, किती वेळा सांगू? ॲम्फिऑक्सस. बोटाएवढा, पारदर्शक, वाळूत अर्धा पुरून बसणारा. स्वतःला पाठीचा कणा नाही, तरी कणा असलेल्या आपल्या सगळ्यांचा नातलग. आणि हो, तसाच आहे. कोट्यवधी वर्षांत त्याच्या गुणसूत्रांची मांडणी फारशी हललेली नाही. आपल्या पूर्वजांत सगळा जीनोम, म्हणजे जनुकांचा अख्खा संच, दोनदा दुप्पट झाला, म्हणून त्याच्या एका गुणसूत्रावरच्या जनुकांची भावंडं माणसात चार-चार ठिकाणी सापडतात. ती जुळवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पण "फारसं काही बदललं नाही" ही बातमी कोण छापणार?

तुझा सी-स्क्वर्ट मात्र नखरेल निघाला. धक्क्याच्या खांबाला चिकटलेली रबरी पिशवी, दाबली की पिचकारी मारते, आणि नात्याने आपल्याला माझ्या प्राण्यापेक्षाही जवळची! जनुकं टाकून दिली, गुणसूत्रं मोडली, हवी तशी जोडली. लहानपणी तू कपाट उपसायचीस आणि आई कौतुकाने म्हणायची, "डोकं चालतं हो हिचं." घड्या मी घालायचे. त्यावर कुणी काही म्हटल्याचं आठवत नाही.

तुझा शोधनिबंध आला तेव्हा मी गोड आवाजात अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि चुका शोधायला बसले. दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक लागून एक झाली, हा तुझा मुख्य दावा. मला वाटलं, ही करामत तुमच्या संगणकाची, डीएनएचे तुकडे जुळवताना केलेली. मग गमबूट चढवले, ओहोटीला धक्क्याखाली गेले आणि तुझ्या निबंधातल्याच जातीचे सी-स्क्वर्ट खरवडून आणले. टाकीत त्यांची अंडी फळवली, भ्रूणांच्या पेशी काचेवर पसरल्या. एका जुन्या गुणसूत्राच्या जनुकांना लाल रंग, दुसऱ्याच्या जनुकांना हिरवा. ठिपके दोन वेगळ्या गुणसूत्रांवर दिसले, की तू तोंडावर आपटलीस! पहिल्या काचा बिघडल्या. शेवटी एक काच साधली. लाल आणि हिरवा, एकाच इवल्याशा गुणसूत्रावर. पुढची पेशी पाहिली, तिच्यातही तेच. खूप वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. संताप आला होता, आणि दिसत होतं ते मात्र फार सुंदर होतं गं.

हे सगळं आज का लिहिते? आमच्या संशोधन केंद्राचे संचालक निवृत्त होताहेत. परवा त्यांनी बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "नातं बाजूला ठेवून सांगा, केंद्र तुमच्या बहिणीच्या हाती द्यावं का? तुम्ही नको म्हणालात, तर विषय इथेच संपला." त्या खुर्चीवर माझा डोळा आहे हे त्यांना ठाऊक असावं, कारण ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. चूक सापडली असती, तर मी बेलाशक नको म्हटलं असतं. "बोलवा तिला," म्हटलं आणि बाहेर आले. त्यांचं पत्र येईलच. काचेचा फोटो सोबत ठेवलाय, तुझ्या दाव्याला उपयोगी पडेल. आणि संचालकांना नाही म्हणू नकोस. मला तुझा हेवा वाटतो, आणि लांबून तो फार वाढतो. समोर असलीस, तर निदान कडकडून भांडता तरी येईल.

तुझीच, अजून धुमसणारी,
ताई