मधली हाक

मंगरूळपीर,
१२ मे २०२६

ती. सौ. सोजरबाई यांस,
ज्योत्स्नाचा सा. न. वि. वि.

कोणत्या नात्यानं लिहू ते ठरेना, म्हणून नुसतं नाव घातलं. फोनवर हे बोलवलं नसतं.

तुमची शुभांगी गेल्यावर हरीओम यांच्याशी माझं लग्न झालं, एवढीच आपली ओळख. पण तिनं लावलेल्या कढीपत्त्यावर माझी रोजची फोडणी होते आणि मी मनातल्या मनात तिचे आभार मानते.

रविवारी धोंड्याचा महिना लागतोय. मागच्या धोंड्याला तुमच्याकडे खाल्लेल्या अनारशांची आठवण हे काढतात. आता आपण त्यांचे जावई कुठं उरलो, म्हणतात.

शाळेसाठी इंग्रजीची तयारी करताना ‘इंटरकॅलेट’ शब्द भेटला. वर्षात जादा दिवस किंवा महिना घालणं. मूळ लॅटिन आहे. ‘इंटर’ म्हणजे मध्ये, ‘कालारे’ म्हणजे पुकारणं. जुन्या रोममध्ये पुजारी महिना मोठ्यानं पुकारत, जादा महिनाही तसाच पुकारून वर्षात घेत. म्हणजे मधेच मारलेली हाक. वाचून मला यांचीच आठवण झाली. तुम्ही यांना एकदा हाक माराल?

लोभ असावा म्हणण्याइतका हक्क नाही. जडावा, ही विनंती.

ज्योत्स्ना

मानोरा,
२१ मे

चि. सौ. ज्योत्स्नास,
अ. उ. आ.

तुयं पत्र यायनं मले दोनदा वाचून दाखवलं. अनारशाचे तांदूळ म्या भिजू घातले होते. मंग वाटलं, त्याचा धोंडा आता तुया मायच्या घरी. आपण बलावलं तं तुले काय वाटन? उपसून चिमण्यायले टाकले. हे म्हणे, यंदा चिमण्याच आपल्या जावई.

ते रोमवाले मले समजत नाई. हाक समजते. तांदूळ पुन्हा भिजू घातले. पण त्याले एकट्याले धाडू नोको. लेकीबिगर जावई कसा? दोघंबी या. ब्लाउजचं माप धाड.

लोभ कायले मांगतं? होताच समज.

सोजर

मंगरूळपीर,
२ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. डब्यातले अनारसे यांनी घरापर्यंतही पोचू दिले नाहीत, एसटीतच संपवले.

जेवताना तुम्ही चुलीपुढून हाक मारलीत, “शुभे, ताटं घे वं!” तुम्ही पदर तोंडाशी नेलात, निघताना माफी मागू लागलात. मागू नका. मी ‘ओ’ दिली ती तुम्हाला सावरायला नव्हे. ती आपोआप आली. तिची हाक तशीच कुणी न घेता राहिली असती, तर मला जेवण गेलं नसतं.

पुढचा धोंडा फार लांब आहे. मधेच कधीही पुकारा.

तुमची लेक,
ज्योत्स्ना