तालमीच्या दुपारी माळलेली फुलं

तंजावूर,
शनिवार, ९ ऑगस्ट १९९७

सौ. अखिलाक्कास,

नंदिताचा नमस्कार. भावजींनाही सांग. इकडे क्षेम आहे. अप्पांचा गुडघा बरा आहे, म्हणजे कुरकुर करतात पण जिना चढतात.

तमिळ लिपी सोडून ही बाळबोधीत का लिहितेय म्हणून हसशील. हिंदीच्या परीक्षांपायी आपण दोघी ही अक्षरं शिकलो, अप्पा शिकले नाहीत. एवढंच कारण.

गावाला सध्या स्वातंत्र्याच्या पन्नाशीनं झपाटलंय. रोज दुपारी रस्त्यावर तालीम आणि शाळा वेठीला. माझ्या आठवीच्या मुलींना मी एकच धडा घोकून घेतेय: राष्ट्रगीत सुरू झालं की नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. बिचाऱ्या उन्हात उभ्या राहतात आणि मी छत्री घेऊन त्यांच्यावर ओरडते.

काल मात्र अप्पांनी मला अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावली. पापनाशमच्या ताराबाई आल्या होत्या. साईरामची आई गं, भाताच्या गिरणीवाली. 'त्यांना फुलबाजारापर्यंत फिरवून आण,' म्हणाले. गेलं वर्षभर या बाईंचा सुनेसाठी आपल्या घरावर डोळा आहे, हे काय मला कळत नव्हतं? पण मी निर्धास्त होते. आडी महिना चाललाय. आडीत गावात कोणी लग्नाचं नाव काढत नाही. आडी संपेपर्यंत मी… ते पुढे सांगते.

छान गप्पा मारत गेलो. त्यांनी दोन हात मल्लीचा गजरा घेतला. परतताना दक्षिण वीथीच्या तोंडाशी पोलिसांनी दोर धरला. पुढे दोर, मागे गर्दी आणि समोरच्या कडेला रांगेत माझ्याच मुली! मला बघून सगळ्यांच्या माना ताठ झाल्या. तेवढ्यात बँड सुरू झाला. मीही हात खाली सोडून उभी राहिले. मीच हलले तर मुलींना कुठल्या तोंडानं सांगू?

मागून वेणीला हात लागला.

"हलूं नको गे," ताराबाई म्हणाल्या. "श्रावणांतला शुक्रवार. दिवस बरा आहे."

आडी तमिळांची, अक्का. आपल्या पंचांगात श्रावण लागलाय. शाळेच्या कॅलेंडरवर जगणारी मी घरचा महिनाच विसरले. बँड मध्येच चुकला, पोलिसांच्या साहेबांनी हात वर केला, पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात मला वळता आलं असतं. पण मुली बघत होत्या आणि मी वळले नाही. दुसऱ्यांदा गीत संपलं तेव्हा फुलं माळून झाली होती, कुंकूही लागलं होतं. मुलाच्या आईनं फुलं माळली आणि मुलीनं मान काढून घेतली नाही, की आपल्यात शब्द झाला. आता मी कुणाला सांगू, की मी राष्ट्रगीताला उभी होते?

घरी अप्पांनी माझ्या वेणीकडे पाहिलं. लगेच शेजारच्या हनुमंतरावांना हाक मारून साखर दिली. ताराबाई म्हणाल्या, "नोकरी कशाला गे आतां? घरीं गिरणी आहे." साईराम वाईट माणूस नाही. पण त्या घरात मी गुदमरून जाईन, अक्का.

आता राहिलेलं सांगते. बंगळूरला एका कॉम्प्युटर शिकवणाऱ्या संस्थेत मला काम मिळालंय. अठराला हजर व्हायचंय. तुझ्याच गावात, आणि तुलाही सांगितलं नव्हतं. वाटलं, आडीतच गुपचूप बसमध्ये बसावं आणि तुझ्या दारात येऊन उभं राहावं.

आज सकाळी मी अप्पांना सगळं सांगायला गेले. खरंच गेले होते. ते खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "अखिलाला पत्र घाल. लग्नाला ये म्हण. जावयांना घेऊन ये म्हण."

तू त्यांचं न ऐकता लग्न करून गेल्यापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव मी ऐकलं नव्हतं. मी 'बरं' म्हणाले आणि आत येऊन रडले. मग हे पत्र घेऊन बसले. ते बाहेरून दोनदा विचारून गेले, लिहिलंस का म्हणून.

तू या बोलावण्याची किती वाट पाहिलीस, ते मला माहीत आहे. लग्नाला आलीस तर ते तुला दारातून आत घेतील. मी निघून गेले तर तुझ्यासाठी दार पुन्हा बंद होईल, आणि या वेळी त्यांच्याजवळ घरात कोणीच उरणार नाही. सकाळपासून हेच डोक्यात घोळतंय. तरी लिहितेय. लाज वाटते, तरी लिहितेय.

अप्पांचा निरोप: लग्नाला ये.

माझा निरोप: त्याआधी ये, आणि मला घेऊन जा.

दोन्ही पोचवले. अप्पा पुन्हा दाराशी आलेत, आता पाकीट बंद करते.

तुझी,
नंदिता