चार्ज घेतला

रोहा, ७ जानेवारी २०२५

ती. अनिताआत्यास,
आदर्शचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाय, आणि ही गोष्ट शेजारच्या वनिताच्या मोबाइलवर पाठवून तिच्याकडून वाचून घेण्यासारखी नाय, म्हणून कागद घेतला. लाल पेन शोधू नकोस. शाळेतून निवृत्त होऊन तुला बारा वर्षं झाली.

आमच्या धाटावच्या कंपनीत एकच शब्द दिवसभर चालतो. रिॲक्टरमध्ये माल टाकला की चार्ज केला. पाळी संपताना मशीन दुसऱ्याच्या हवाली केलं की चार्ज दिला. आणि आता माझ्यानंतर पाळीवर येणाऱ्या साईराजवर कंपनीने लावलाय, तोही चार्जच.

खरं सांगतो. आमची एक रीत हाय. कुणाला गाडी पकडायची असली, तर पुढच्या पाळीचा माणूस आदल्या दिवशीच वहीत ‘अडीच वाजता चार्ज घेतला’ अशी सही करून ठेवतो. शुक्रवारी तुझा वाढदिवस, म्हणून साईराजने माझ्यासाठी केली. मी अडीचला निघालो. तो तीनला, त्याच्या ठरल्या वेळेवर आला. मधल्या अर्ध्या तासात दाब वाढला, पाइपाचा जोड सुटला आणि गरम ॲसिड शिवाच्या हातांवर उडालं. शिवा आमचा कंत्राटी कामगार, वाडीवरचा. मी तेव्हा स्टेशनबाहेर तुझ्यासाठी पेरू निवडत होतो.

वहीप्रमाणे मशीनवर साईराज होता. तो गप्प हाय, कारण रीत फोडली तर सगळेच अडकतात. अठरा तारखेला चौकशी. मी चार्ज अडीचला दिला, अशी साक्षीदार म्हणून सही मागतायत. केली तर त्याची नोकरी जाते, नाय केली तर माझी. पार कोंडलोय गो आत्या. काय करू?

पत्राची वाट बघणारा,
आदर्श

पेण, १० जानेवारी

चि. आदर्शास अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे ‘चारज’ म्हणता, ते चूक. र अर्धा, आणि ज जागेतला नव्हे, जीवातला. चौथीत पन्नास वेळा घोकून घेतला होता! तुझं पत्र वाचून शब्दकोश काढला. भार, आरोप, आकार, हल्ला... दीड पान आहे. सगळं वाचत बसले, कारण तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायची भीती वाटत होती.

आता देते. सही कर. मेल्या, घर बसवायला तुला मोठं केलं, घरी बसायला नाही. साईराजने आपल्या हाताने सही केली, त्याने निस्तरावं. भित्री म्हण हवं तर, आहेच मी. पेरू चांगले निघाले, पण आता घशाखाली उतरत नाहीत.

जेवत जा. माया आहे ती राहू दे.
तुझी आत्या

रोहा, १९ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

तुझं ऐकणार होतो, नाय जमलं. गुरुवारी दवाखान्यात गेलो. शिवाचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले, त्याची बायको येसू त्याला भरवत होती. तिने एवढंच विचारलं, की तेव्हा मशीनवर कोण होतं. मी म्हणालो, चौकशी करून सांगतो. चौकशी कसली, कप्पाळ माझं! वर तिने मला चहा पाजला.

काल चौकशीत कंपनीचा इंग्रजी कागद बाजूला सारला आणि मराठीत लिहून दिलं, की अडीच ते तीन मशीनवर कुणी नव्हतं, चार्ज माझा होता. रीतही लिहिली. साईराज ताकिदीवर सुटला, मला काढलं. आता सगळ्यांच्या जुन्या सह्या तपासतायत, म्हणून आमच्या कामगारांच्या चाळीत कुणी माझ्याशी बोलत नाय. साईराजसुद्धा नाय. दार लावून बसलोय. पेणला यायला तोंड नाय.

रागावलीस तरी लिहीत जा.
आदर्श

पेण, २२ जानेवारी

चि. आदर्शास आशीर्वाद.

रागावले होते. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि माझ्याच पत्राची लाज वाटली. जन्मभर मास्तरीण होते, आणि पोराला शिकवलं काय तर खोटी सही कर!

कंपनीला सांगितलंस, पण येसूला अजून सांगायचं राहिलंय. शनिवारी मी येते, दोघं जाऊ. या वेळी तिने चहा दिला नाही तरी बसून राहायचं.

शब्दकोशातला एक अर्थ मी मागे लिहिला नव्हता. सांभाळायला सोपवलेलं मूल, त्यालाही चार्ज म्हणतात. दादा-वहिनी गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. कुणी वही पुढे केली नाही, सही मागितली नाही. मी तुला कडेवर घेतलं आणि घरी आणलं. तो चार्ज मी अजून कुणाला दिलेला नाही.

पहिल्या गाडीने येते. मला ऐकू येत नाही, तेव्हा आतून हाक मारू नकोस. दार उघडून बाहेर ये.

तुझी,
आत्या