तापायला सरावलेलं पाणी

भिवंडी, ११ एप्रिल १९८८

ती. सौ. कमळताईस,
सा. न. वि. वि.

बेबीच्या लग्नाची तारीख कळली. बाबांनी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचायला लावलं आणि हळदीच्या आदल्या दिवशीच पेणला पोचायचं ठरवून टाकलं. आता अडचण ऐक. उजवा पाय ताठ झाल्यापासून त्यांना एस.टी.ची पायरी चढवत नाही आणि आमची गाडी गर्दीत शिरली की तापते.

गुरुवारी त्यांना ठाण्याच्या डॉक्टरकडे नेत होतो. काल्हेरला रस्ता तुंबला. पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूला टेम्पो असा खेटलेला की दार उघडेना. काटा लालमध्ये गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली, मी इंजिन बंद केलं. काचा खाली केल्या तर धूर, वर केल्या तर भट्टी. बाबा मागे घामाने निथळत बसलेले. समोरचं गोडाऊन आपल्याच विकलेल्या भातखाचरावर उभं आहे हे त्यांनी ओळखलं. म्हणाले, इथं चिखलात रुतायचो तरी माझा मी निघायचो, आता कोरड्यात अडकलो. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की या डब्यात परत बसणार नाही. राग गाडीवर की माझ्यावर, हे मला ठरवता आलेलं नाही. गाडीवरच असावा असं वाटतं, पण ते मला सोयीचं आहे म्हणूनही वाटत असेल.

मजीदभाई मेकॅनिकने फॅनचा पट्टा बदलला, थर्मोस्टॅट बदलला, फरक पडला नाही. गाडी मालकावर गेलीय म्हणे, रिकाम्या रस्त्यावर हुशार आणि चार माणसांत डोकं गरम. शेवटी रेडिएटर उतरवला, तर नळ्यांत चुन्यासारखा पांढरा थर. धावत्या गाडीला वाऱ्यावर निभतं, उभ्या गाडीत पाणी नीट फिरत नाही आणि ती तापते. बोअरचं पाणी घालता का, असं त्याने विचारलं. मी ठामपणे सांगितलं की नळाचं, आम्ही पितो तेच. मग हा थर आला कुठून?

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर माया आहे तशीच ठेव.
तुझा,
केसरीनाथ

पेण, १७ एप्रिल

चि. केसरीनाथ यास,
अ. उ. आ. वि. वि.

इंजिनाला अख्खं पान आणि नवऱ्यामुलाबद्दल एक अक्षर नाही! तू पहिल्यापासून असाच.

बाबा दिवाळीत महिनाभर इथे होते, तेव्हा पायाला शेक म्हणून अकलोलीच्या गरम कुंडाचं पाणी कॅन भरभरून आणलं होतं. रोज अंघोळीच्या बंबात तेच ओतायचे. बंबाला आतून असाच पांढरा थर धरला. चिंच लावून घासता घासता माझे हात गेले, पण त्यांना बोलले नाही. आता सांग, तुझ्या गाडीत पाणी कोण घालतं? तू स्वतः बॉनेट उघडत असशील यावर माझा विश्वास नाही.

विचार त्यांना, पण जपून. आई गेल्यापासून त्यांच्या हाताला काम काय उरलंय? आणि एक लक्षात ठेव, आजोबा आल्याशिवाय हळद लावून घेणार नाही असं बेबी म्हणते. ती हट्टात त्यांचीच नात आहे.

जिवाला जप, तुम्हा सगळ्यांची वाट बघते.
तुझी ताई,
कमळ

भिवंडी, २४ एप्रिल

ती. सौ. कमळताईस,
सा. न. वि. वि.

तुझा अंदाज खरा निघाला. मी अंघोळीला गेलो की बाबा काठी टेकत खाली जातात आणि रेडिएटरमध्ये शेकासाठी आणवलेलं कुंडाचं पाणी ओततात. मी सहज विचारल्यासारखं केलं, तर अभिमानाने सांगायला लागले. नळाचं पाणी भित्रं, जरा आच लागली की उकळतं. कुंडाचं पाणी जमिनीतूनच कढत येतं, ते तापायला सरावलेलं. इंजिन त्याला काय तापवणार? मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, पण हा तर्क खोडायला तोंड उघडेना.

मजीदभाईने सळया घालून नळ्या साफ केल्या. काल मी एकटाच मुद्दाम काल्हेरच्या गर्दीत जाऊन उभा राहिलो. काटा मधेच राहिला. पण बाबांचं ओतणं थांबवायलाच हवं. मी सांगितलं की नव्या झाकणाला सील आहे, मेकॅनिकशिवाय कुणी उघडायचं नाही. हे खोटं आहे. ते माझ्याकडे बघत बरं म्हणाले आणि तेव्हापासून सकाळी नुसते गॅलरीत बसतात. लग्नाला येणार का, यावर उत्तर देत नाहीत. खरं सांगून त्यांना अपराधी करायचं, की खोटं बोलून निकामी? दोन्हीकडून वाट बंद आहे. तू असतीस तर काय केलं असतंस?

चुकत असेन तर कान धर, पण अंतर देऊ नकोस.
तुझा,
केसरीनाथ

भिवंडी, २९ एप्रिल

चि. सौ. कमळ हीस बाबाचा आशीर्वाद.

हे पत्र माझ्या हातानं लिवलंय. केसरीला दाखवू नको. शेजारची अतिया पोस्टात टाकल.

झाकणाला सील हाय म्हनून सांगत होता. त्याला खोटं बोलता येत न्हाय, कान लाल होतात. मी झाकण फिरवून बघितलं, निघतं. मग काठी टेकत मजीदकडं गेलो. त्यानं पांढरी खपली माझ्या हातावर ठेवली. तुझ्या बंबातली पण हीच. तवा तूबी बोलली न्हायस. दोन्ही पोरं एकाच वळणाची निघाली.

मला कळलंय हे त्याला सांगितलं न्हाय. सांगितलं तर माफी मागत बसल आन मला ते बघवनार न्हाय. पानी वतायचं बंद केलंय.

हळदीला येतो, बेबीला सांग. त्याच गाडीतनं येतो. रस्ता तुंबला तर तुंबला. तो गप, मी गप, पेणपर्यंत तसंच बसू. पन गप बसून दोघंबी तापल्यालं असू, दारात उतरलो की आधी आमाला येगयेगळं बसव. त्याला मांडवात, मला चुलीकडं.

तुझा बाबा,
काळूराम